बायू, टायगर आयलंड आणि मॉर्गन सिटी

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या नकाशावर ‘बायू’ हा शब्द जागोजागी भेटतो : बायू ब्लॅक, बायू टेश, बायू लाफूर्श. सपाट, दलदलीच्या मुलखातून जेमतेम सरकणारा पाण्याचा फाटा म्हणजे बायू. शब्दाचे वळण फ्रेंच, म्हणून त्याचे मूळ ‘आतडे’ या अर्थाच्या ‘ब्वायो’ या फ्रेंच शब्दात शोधले गेले. नागमोडी प्रवाह पाहता ते पटतेही. पण केवळ साम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. हा शब्द चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. ‘बायुक’ म्हणजे लहान प्रवाह. फ्रेंच वसाहतवाल्यांच्या तोंडी शेवटचा ‘क’ झिजला आणि त्यांच्याकडून शब्द इंग्रजीत गेला.

याच पाणथळ भागात अचाफलाया नदीच्या काठी मॉर्गन सिटी हे छोटे गाव आहे. त्या जागेचे जुने इंग्रजी नाव टायगर आयलंड. अमेरिकेत वाघ नाहीत. सर्वेक्षकांनी तिथे एक रानमांजर पाहिले आणि बेटाला ‘टायगर’ची उपाधी मिळाली. पुढे केंटकीहून आलेल्या डॉ. वॉल्टर ब्रशियर यांनी तिथे उसाचा मळा उभारला. मळ्याच्या जमिनीचे भूखंड पडले, वस्ती वाढली आणि 1860 मध्ये ‘ब्रशियर’ या नावाने गावाला रीतसर दर्जा मिळाला.

वस्ती वाढली ती रेल्वेमुळे. कंपनीचे नाव होते ‘न्यू ऑर्लीन्स, ओपलूसस अँड ग्रेट वेस्टर्न’. नावातच सारा बेत होता : ओपलूसस गाठायचे आणि तिथून थेट पश्चिम. 1857 मध्ये रूळ ब्रशियरला पोहोचले, न्यू ऑर्लीन्ससमोरच्या अल्जिअर्सपासून सुमारे 130 किलोमीटर, आणि तिथेच थांबले. पुढे रूळ नसल्याने टेक्सासला जाणारे प्रवासी इथे गाडीतून उतरून आगबोटीत बसत. अर्धवट राहिलेल्या मार्गाने गावाला बंदर केले. यादवी युद्धात याच ठाण्यासाठी दोन्ही सैन्ये झगडली.

युद्धानंतर कर्जात बुडालेली रेल्वे 1869 मध्ये आगबोटींचे मालक चार्ल्स मॉर्गन यांनी विकत घेतली. समुद्रातली जहाजे गावापर्यंत यावीत म्हणून त्यांनी उथळ उपसागरातून कालवा खोदला. 1876 मध्ये गावाने त्यांचे नाव स्वीकारले. आधी जनावर, मग मळेवाला, मग भांडवलदार, असा हा नावांचा क्रम.

नदीचे नाव मात्र बदलले नाही. ‘हाच्चा’ म्हणजे नदी, ‘फालाया’ म्हणजे लांब, हे दोन्ही शब्द चॉक्टॉ. नवल असे की हा मुलूख चिटिमाचा लोकांचा, आणि त्यांची भाषा चॉक्टॉहून पूर्ण वेगळी. मग हे नाव इथे कसे रुजले? मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात निरनिराळ्या जमाती आपसांतल्या व्यापारासाठी मोबिलियन नावाची एक बोली वापरत, आणि तिचा पाया चॉक्टॉचा होता. फ्रेंचांचा व्यवहारही या बोलीत चाले. रुळांच्या कितीतरी आधी इथे पाण्यावरून दळणवळण होते, याची खूण या नावात आहे.

म्हणूनच मॉर्गन सिटीचा इतिहास 1860 च्या सनदेपासून किंवा 1857 च्या पहिल्या गाडीपासून सुरू करणे अपुरे आहे. स्टेशनांची नावे मालकी सांगतात, पाण्याची नावे वहिवाट सांगतात. गावाचा इतिहास वाचताना आधी त्याच्या पाण्याचे नाव वाचावे.