रुडोल्श्टाटच्या दोन भगिनी

थुरिंगियातील श्वार्त्सबुर्ग-रुडोल्श्टाट या चिमुकल्या संस्थानाचे वनाधिकारी फॉन लेंगेफेल्ड निवर्तल्यावर त्यांच्या पत्नीपुढे दोन मुलींच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला, आणि तो त्या काळच्या रीतीप्रमाणे थोरलीच्या विवाहाने सोडविण्यात आला. सोळाव्या वर्षीच वाङ्निश्चय झालेली कॅरोलीन १७८४ साली दरबारातील एक सधन अधिकारी फॉन बॉयल्विट्झ यांची पत्नी झाली. धाकटी शार्लोटे मात्र अद्याप अविवाहित होती. डिसेंबर १७८७ मध्ये या भगिनींचा आप्त विल्हेल्म फॉन वोल्झोगेन आपल्या शाळासोबत्याला, कर्जाने गांजलेल्या पण नाटकांनी कीर्ती मिळविलेल्या फ्रीडरिश शिलरला, त्यांच्या घरी घेऊन आला. (पुढे घटस्फोटानंतर कॅरोलीनने १७९४ साली विवाह केला तो याच वोल्झोगेनशी!)

पुढच्या उन्हाळ्यात शिलरने शेजारच्या फोल्कश्टेट गावी बिऱ्हाड केले. दिवसभर लेखन करून सायंकाळी अर्ध्या तासाची वाट तुडवीत तो बॉयल्विट्झ यांच्या घरी येई आणि तिघे मिळून होमर वाचीत. त्याच घरी ७ सप्टेंबर १७८८ रोजी तो कवी गटेला प्रथम भेटला. त्या भेटीत मैत्री मात्र जुळली नाही.

ऑगस्ट १७८९ मध्ये शार्लोटेशी वाङ्निश्चय झाल्यावरही शिलरची कित्येक पत्रे दोघींना उद्देशूनच जात राहिली. आपल्यापेक्षा ताईच त्याला प्रिय असावी, ही शंका शार्लोटेच्या मनातून जाईना. तेव्हा त्याने तिची समजूत घातली, ती अशी की कॅरोलीन वयाने आपल्या जवळची असल्यामुळे तिचे विचार व भावना आपल्याशी अधिक जुळतात, परंतु शार्लोटे जशी आहे त्याहून निराळी व्हावी अशी आपली मुळीच इच्छा नाही. नियोजित वधूच्या शंकेचे असे निरसन करणारा पुरुष एक तर फार प्रामाणिक असावा, नाही तर फार अव्यवहारी.

डोमिनिक ग्राफ यांचा २०१४ चा चित्रपट हा त्रिकोण मोठ्या तन्मयतेने रंगवितो. तथापि कोणाचे लग्न कोणाशी व्हावे, याच्या निर्णयात द्रव्याचा वाटा प्रीतीहून कमी नव्हता, असे मला वाटते. शिलरला येना विद्यापीठात मिळालेल्या प्राध्यापकपदाला वेतन नव्हते. वायमारच्या ड्यूकने सालिना २०० थालर मंजूर केले, मायनिंगेनच्या दरबाराने ‘होफराट’ हा किताब बहाल केला, आणि मग २२ फेब्रुवारी १७९० रोजी वेनिगेनयेनाच्या लहानशा चर्चमध्ये गाजावाजा न करता विवाह उरकला.

कॅरोलीन स्वतः लेखिका होती. तिची निनावी कादंबरी शिलरच्या ‘होरेन’ मासिकात येऊ लागली, तेव्हा ती गटेचीच असावी असा जाणत्यांचाही समज झाला. शिलर १८०५ मध्ये वारला, शार्लोटे १८२६ मध्ये. त्यानंतर चार वर्षांनी कॅरोलीनने कौटुंबिक आठवणी आणि पत्रे यांच्या आधारे शिलरचे चरित्र प्रसिद्ध केले. १७८८ च्या त्या उन्हाळ्याचा वृत्तांत पुढच्या पिढ्यांनी प्रथम वाचला तो तिच्याच लेखणीतून.