खिडक्यांचा रंग आणि शिशाची भुकटी

लांकडी खिडकीला नवा रंग द्यावयाचा म्हणजे जुना रंग खरवडावयाचा, काचकागदानें चौकट घासावयाची, भेगांत लांबी भरावयाची आणि मग अस्तराचा हात देऊन वर रंग चढवावयाचा, हा क्रम फार जुना आहे. यांतील शेवटचें काम डोळ्यांत भरतें. परंतु या कामाचा खरा इतिहास खरवडण्यांत आहे.

युरोपांत विसाव्या शतकापर्यंत चांगला रंग म्हणजे सफेता, अर्थात् शिशाचा पांढरा क्षार, जवसाच्या तेलांत खललेला. हॉलंडांत तो करण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. मातीच्या भांड्याच्या तळाशीं शिरका, त्यावर शिशाच्या पत्र्याचीं वेटोळीं, आणि ऊब राहावी म्हणून भोंवतीं लिदीचा थर! कांहीं आठवड्यांनीं शिशावर पांढरें किटण जमे. तेंच धुऊन दळीत. तेलाशीं शिशाचा संयोग होऊन चिवट पापुद्रा बनतो. लांकूड फुगलें-आक्रसलें तरी तो सहसा तडकत नाहीं. खिडकीसाठीं याहून सोयीची वस्तु त्या काळीं नव्हती. म्हणूनच इटालियन वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथांत चित्रकारांच्या व्यथांचें खापर रंगद्रव्यांवर फोडलें, तरी सफेता हटला नाहीं.

मुलांवर त्याचा घाला कसा पडतो, हें ऑस्ट्रेलियांत उघड झालें. क्वीन्सलंडमधील ब्रिस्बेन शहरीं घरें लांकडाचीं, व्हरांडे प्रशस्त. तेथील डॉक्टरांनीं १८९२ सालीं मुलांतील शिसेबाधेची नोंद केली. पण शिसें येतें कोठून हें कळेना. नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ सालीं बोट दाखविलें तें व्हरांड्यांच्या कठड्यांकडे आणि रंगविलेल्या भिंतींकडे. कडक उन्हानें रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या बोटांना लागे, आणि बोटें तोंडांत जात. मुलांच्या हाताशीं येणाऱ्या भागांस शिशाचा रंग लावूं नये, असा कायदा झाला तो १९२२ सालीं. मध्यें अठरा वर्षें गेलीं. एवढ्या अवधींत कडेवरचें मूल कमावतें होतें.

त्याच्या आदल्या वर्षीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत, कांहीं अपवाद सोडून, सफेत्यास मनाई करणारा करार संमत केला होता. जुना रंग कोरडा घासतांना व खरवडतांना उडणाऱ्या धुळीपासून कामगारांस जपावें, हेंही त्यांत आहे. खिडकी तर रोजच्या उघडझांपीनेंच घासली जाते. रंगारी येण्यापूर्वींच धूळ पडूं लागलेली असते.

अमेरिकेनें शिशाच्या घरगुती रंगांवर १९७८ सालीं बंदी घातली. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नियम नव्या डब्यांपुरता. मुंबई-पुण्याच्या चाळी-वाड्यांतील खिडक्यांवर एकावर एक चढलेल्या थरांना तो कसा पोंचणार? असे थर ओले करूनच घासावयाचे असतात, ज्योतीनें जाळावयाचे नसतात. मुलांना व गर्भवतींना त्या खोलींत येऊं द्यावयाचें नसतें, आणि खालीं पडलेली भुकटी केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावयाची असते.