'कोबाल्ट ब्ल्यू' आणि मराठी वाचक : एका मौनाचा इतिहास

प्रस्तावना :

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी २००६ साली मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केली. पुण्यातील जोशी कुटुंबाच्या घरात एक तरुण भाडेकरू म्हणून येतो. घरातील तनय आणि अनुजा ही भावंडे, एकमेकांच्या नकळत, त्याच्याच प्रेमात पडतात. पुढे अनुजा त्या तरुणाबरोबर घर सोडून जाते आणि काही महिन्यांनी तो तिलाही सोडून नाहीसा होतो. दोन मुलग्यांमधील प्रेम, त्यातील ताण आणि त्याचा विश्वासघातकी शेवट मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी इतक्या सहजपणे क्वचितच आला होता.

साहित्याचा इतिहास लिहिताना आपण लेखक, कृती आणि प्रवाह यांची नोंद घेतो. वाचकाची नोंद बहुधा राहून जाते. प्रस्तुत लेखात या कादंबरीच्या निमित्ताने मराठी वाचकाच्या प्रतिसादाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या कादंबरीवर बंदी आली नाही, खटला झाला नाही, तिच्याविरुद्ध मोर्चाही निघाला नाही. ही गोष्ट समाजाच्या सहिष्णुतेची खूण मानावी, की न बोलण्याच्या जुन्या सवयीची, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : प्रश्न विचारणारा वाचक

या विषयावर मराठी वाचक प्रथमपासून गप्पच होता, असे मात्र म्हणता येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले. त्यात वाचक आपल्या लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे त्यांना उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. लैंगिक प्रश्नांवर कोणी विचारले तर त्याला शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे आणि अशा विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, अशी बचावाची भूमिका होती. कर्व्यांना दंड झाला. पण एक ऐतिहासिक पुरावा मागे राहिला. तो असा की १९३० च्या दशकातील मराठी वाचक हा विषय लेखी स्वरूपात उपस्थित करीत होता. पत्रामागील माणूस अनामिक राहू शकत होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. नावाविना त्याला बोलता येत होते.

प्रेक्षक आणि जमाव :

पुढच्या काळात हा विषय रंगभूमीवर आला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकासमोर उभी राहिली, तरी तिचा शेवट आत्मघातात झाला. शोकांतिका असली की प्रेक्षकाला सहानुभूती देणे सोपे जाते. जिवंत राहून दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या समलिंगी व्यक्तीला तीच सहानुभूती देणे त्याला अवघड वाटते.

दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाच्या वेळी, डिसेंबर १९९८ मध्ये, मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी 'कोबाल्ट ब्ल्यू' शांतपणे प्रसिद्ध होते, हा विरोध केवळ काळ बदलल्याने समजावून देता येत नाही. चित्रपट सामूहिक असतो. अंधारात का होईना, प्रेक्षक इतरांबरोबर बसलेला असतो. कादंबरी एकट्याने, दार लावून वाचता येते. जमावाला चिडण्यासाठी फलक लागतो आणि गंभीर मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठाला तो मान क्वचित मिळतो. अर्थात, जी गोष्ट रोषापासून सुरक्षित राहिली तीच चर्चेपासूनही दूर राहिली.

रचना आणि वाचकाची बाजू :

कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्यात तनय निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून बोलतो. दुसरा भाग अनुजाच्या रोजनिशीचा आहे. तरुणाला नाव नाही. भावंडांचा प्रियकर एकच आहे, दुःखाचे कारणही एकच आहे. परंतु त्या दुःखाची घरातील पत मात्र वेगवेगळी आहे.

अनुजा परत येते तेव्हा घर तिच्याभोवती गोळा होते. राग, लाज, काळजी, डॉक्टरांचा सल्ला, नातेवाइकांपासून लपवाछपवी असे सर्व काही होते. हे सारे अनुजाला जाचक आहे, तरीही तिच्या दुःखाला घराने दिलेली ती एक मान्यताच आहे. तनयचे तसे नाही. त्याचे काय हरवले हे घरात कोणाला सांगण्याची सोय नाही. त्याच्यासाठी कोणी रागावतही नाही. ज्या नात्याला समाजात नाव नाही, त्या नात्याच्या शेवटाला सुतकही नसते.

कादंबरीच्या वाचनाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. ही केवळ 'एका वैश्विक प्रेमाची' किंवा 'तुटणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची' गोष्ट आहे, असे म्हणून वाचकाला पुढे जाता येते. असे वाचन दिसावयास उदार असते. परंतु त्यात तनयचे दुःख अनुजाच्या दुःखात विरघळून जाते. म्हणजेच कादंबरीतील घराने जे केले तेच वाचकही करतो. उलट, ही केवळ 'समलिंगी कादंबरी' आहे असे म्हणून तिला एका कप्प्यात ठेवले, तर अनुजाची अर्धी कादंबरी अडगळीत जाते आणि घर सोडून जाण्याचे धाडस करणाऱ्या मुलीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हरवतो. दोन्ही भाग समोरासमोर ठेवून वाचणारा वाचक कादंबरीला अपेक्षित आहे. तो घडविण्याची जबाबदारी समीक्षेवर आणि वर्गातील अध्यापनावर येते.

तुलनेसाठी आर. राज राव यांची 'द बॉयफ्रेंड' (२००३) ही इंग्रजी कादंबरी पाहता येईल. मुंबईत घडणाऱ्या त्या कादंबरीत मध्यमवयीन पत्रकार युडी आणि दलित तरुण मिलिंद यांचे नाते आहे. तेथील ताण जात आणि पैसा यांतून उघडपणे येतो आणि विवाहसंस्था अखेर मिलिंदला आपल्याकडे ओढते. 'कोबाल्ट ब्ल्यू' पुण्याच्या एका घरापुरती राहते. म्हणून ती अधिक कोमल वाटते, आणि जातीविषयीचा प्रश्न वाचकाने स्वतः विचारावा लागतो.

भाषांतर, कायदा आणि दुसरा वाचक :

जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि कादंबरीला महाराष्ट्राबाहेरचा वाचक मिळाला. या वर्षाचे महत्त्व कायद्याच्या इतिहासातही आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ला दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील खासगी, संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ केले होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे २००६ च्या वाचकाच्या हाती जे पुस्तक होते, त्यातील तनय कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकत होता. आजच्या वाचकाच्या हातातील तनय गुन्हेगार नाही, पण त्याचे नाते नोंदवता येत नाही. पुस्तकाची अक्षरे तीच राहिली आणि वाचनाची भूमी बदलली.

२०२२ साली कुंडलकर यांनी स्वतःच केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्यातील कथा पुण्याऐवजी केरळातील कोचीत घडते. प्रेक्षक वाढला, मात्र पुण्याच्या घरातील ओळखीचा मराठी कोंडमारा दूरच्या समुद्रकाठी गेला. ज्या भाषेत ही कथा प्रथम सांगितली गेली, त्या भाषेचा वाचक या प्रवासात काहीसा मागे राहिला.

राजुऱ्याच्या दिशेने पाहताना :

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि पुढे तो चंद्रपूर जिल्ह्यात आला. मुंबई-पुण्याच्या प्रकाशनव्यवहारापासून तो भूगोलाने आणि इतिहासाने दूर आहे. तरीही या कादंबरीतील भाडेकरू येथील वाचकाला अनोळखी वाटू नये. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने यांमुळे बाहेरून आलेला, एकटा राहणारा तरुण नोकरदार येथील गावांत अनेक वर्षे खोली भाड्याने घेत आला आहे. त्याची चौकशी जात, गाव आणि पगार यांपुरती होते. त्याच्या मनाची चौकशी होत नाही.

या भागातील दंडार आणि झाडीपट्टीच्या लोककलांमध्ये पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा आहे. तिचा समलिंगी प्रेमाशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. एवढे मात्र म्हणता येईल की सोंग म्हणून रंगमंचावर जे मोकळेपणाने पाहिले जाते, ते सोंगाविना, शर्ट-पँट घातलेल्या घरातल्या मुलाच्या रूपाने आले की प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होते. तनयकडे लपण्यासाठी सोंग नाही.

येथे महाविद्यालयीन ग्रंथालयाचा विचार अपरिहार्य होतो. जेथे पुस्तक काउंटरवर मागून घ्यावे लागते आणि देवघेव नोंदवहीत वाचकाचे नाव राहते, तेथे असे पुस्तक मागणे हीच एक जाहीर कबुली ठरू शकते. कर्व्यांच्या पत्रलेखकाला मिळालेली अनामिकता ग्रंथालयाच्या वाचकाला मिळत नाही. म्हणून देवघेव कमी दिसली तर ती अनास्था समजू नये. ती भीतीही असू शकते. मुक्त प्रवेशाची कपाटे, वाचनकक्षात बसून वाचण्याची सोय आणि पुस्तकाला इतर मराठी कादंबऱ्यांच्या रांगेतच दिलेली जागा या साध्या व्यवस्था येथे महत्त्वाच्या ठरतात.

समारोप :

मराठी वाचकाच्या प्रतिसादाचा हा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही. १९३४ साली प्रश्न विचारला गेला आणि उत्तर देणाऱ्यास दंड झाला. १९९८ साली जमाव चालून आला. २००६ साली पुस्तक शांतपणे स्वीकारले गेले. यांपैकी शेवटची अवस्था सर्वांत सुसंस्कृत दिसते. तथापि खटल्याचे कागद राहतात, हल्ल्याच्या बातम्या राहतात. मौनाचे दप्तर कोठेच राहत नाही. त्यामुळे इतिहासकाराला ते वेगळ्या साधनांतून, म्हणजे आवृत्त्या, अनुवाद, अभ्यासक्रम आणि ग्रंथालयीन नोंदी यांतून शोधावे लागेल.

आपल्या वर्गात बसलेल्यांपैकी एखाद्या विद्यार्थ्याचे दुःख तनयसारखेच बिनसुतकाचे असू शकते. त्याने ते शिक्षकाला सांगावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. परंतु त्याच्या दुःखाची गोष्ट मराठीत लिहिली गेली आहे, ती साहित्य म्हणून वाचली जाते आणि तिच्यावर वर्गात निःसंकोचपणे बोलता येते, एवढे त्याला दिसावे, ही अपेक्षा अध्यापकाकडून निश्चितच करता येते.