बंगालचा समुद्र, गोदाकाठचा पत्रा

चपला काढून हातात घ्या. पायात ठेवल्या तर काळी माती त्या ठेवून घेईल. काढल्यावर सोंगलेल्या सोयाबीनची धसकटं तळव्यांना टोचतील, ती सोसा. तुम्ही 2021 च्या सप्टेंबरात आहात. सत्तावीस तारखेची संध्याकाळ. परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेड आणि पालमच्या मधलं गोदाकाठचं एक गाव.

हवा हलत नाही. मानेवरून घाम ओघळतो आणि सदरा पाठीला चिकटून बसतो. गावाकडून तळणाचा वास येतोय, कारण पितरांचे दिवस आहेत, घरोघरी भजी, कढी, खीर. शेतात मात्र वाळक्या सोयाबीनचा कोरडा, भुरभुरा वास. तीन दिवसांपूर्वी सोंगलेलं पीक गंजी घालून ठेवलंय. मळणीचा हडंबा उद्या सकाळी यायचा होता.

"पाव्हणं, बघत काय बसलात, धरा की कोपरा!"

हे तात्या. ताडपत्रीचं एक टोक त्यांच्या हातात, एक तुमच्या. तुम्ही ओढता, दगड ठेवता, दोरी आवळता. तात्या पुन्हा येऊन तीच दोरी सोडतात आणि स्वतः आवळतात. वाईट वाटून घेऊ नका. याच उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात जाऊन आलंय. भाव आता उतरलाय, तरी त्या गंजीत उसनवारी, बी-खताची उधारी आणि रब्बीचं बियाणं एकावर एक रचलेलं आहे.

"टीव्हीवर म्हणायलेत, वादळ संपलं," तात्या पूर्वेकडं हात करतात. "मग हे काय यायलंय?"

त्यांच्या बोटाच्या रोखानं बघा. आभाळ जांभळं नाही, काळंही नाही. नव्या पाटीसारखं निळसर राखाडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर पाऊस लागायच्या आत एक फेरी मारून येऊ. तीन-चार दिवस मागं आणि पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. पाण्यात हात घाला. आंघोळीला काढलेलं पाणी जरा निवल्यावर लागतं तसं कोमट. समुद्राचं वरचं पाणी 26-27 अंशांच्या पुढं तापलेलं असलं, आणि ते बरंच खोलवर तसं असलं, की त्याची वाफ थांबत नाही. वाफ वर जाते, वर गार होते, तिचे थेंब होतात. आणि थेंब होताना, पाणी उकळायला चुलीनं जी ऊब दिलेली असते तशी, समुद्रानं दिलेली ऊब ती परत सोडते. त्या उबेनं हवा आणखी फुगते, आणखी वर जाते. खाली दाब कमी होतो. चहूबाजूंनी हवा तिथं धावते. ती सरळ पोचली असती तर खड्डा भरून निघाला असता, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळं वारा वाकतो आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेनं भोवंडायला लागतो. चीन-जपानकडं यालाच टायफून म्हणतात, अमेरिकेकडं हरिकेन. आपल्याकडं वारा ताशी 62 किलोमीटरला पोचला की बारसं होतं. या खेपेचं नाव पाकिस्ताननं सुचवलेल्या यादीतलं आहे: गुलाब.

पावसाळ्याच्या दिवसांत असं वादळ क्वचितच तयार होतं. वरचे आणि खालचे वारे उलटसुलट वाहतात आणि वर चढणारा खांब मधेच मोडून टाकतात. म्हणून वादळं मे महिना नाहीतर दिवाळीचा सुमार धरून येतात. गुलाबनं तो नेम मोडला. 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. टीव्हीनं वाकलेली झाडं दाखवली, रेनकोटातले वार्ताहर दाखवले, आणि सकाळी दुसरी बातमी लावली. जमिनीवर आल्यावर समुद्राची ऊब तुटते, वारा पडतो, तज्ज्ञ त्याला कमी दाबाचं क्षेत्र म्हणू लागतात आणि त्याचं नाव काढून घेतलं जातं. पण पोटातलं पाणी कुठं जाणार? खालची जमीन महिनोन्‌महिन्यांच्या पावसानं चिंब. ती वाफ पुरवत राहते, अरबी समुद्राचे वारे त्यात भर घालतात. कलिंगपट्टणमपासून परभणी सुमारे पावणेआठशे किलोमीटरवर. ते पाणी रात्रंदिवस पश्चिमेकडं चालत आलं. आमच्या भागाला वादळाचा वारा माहीत नाही, लाटा माहीत नाहीत. आमच्याकडं वादळ असं येतं, नाव गेल्यावर.

चला परत. पहिला थेंब तुमच्या कपाळावर पडलाय, आणि तो बोराएवढा आहे.

रात्री तात्यांच्या पडवीत पत्र्याखाली बसा. पत्र्यावरचा आवाज असा, की शेजारच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसतात. लाईट केव्हाच गेलीय. ओल्या शेळीचा उग्र वास, ओल्या गोवऱ्यांचा धूर, घासलेटाच्या चिमणीची काजळी, सगळं नाकात एकदम. आतल्या जुन्या खोलीचं माळवद गळतंय. तात्यांची बायको, गावाची माय, तिनं खाली पातेली मांडलीत, आणि पातेली भरली की उचलून देणारा हात आज तुमचा आहे. दर वेळी पाणी उंबऱ्याबाहेर फेकताना तुम्हाला वाटतं, बाहेरचं पाणी वाढलंय. ते खरंच वाढलंय.

"हत्ती लागला आजच," माय कानाशी येऊन ओरडते. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो, हे इथं लहान लेकरालाही ठाऊक आहे, कारण जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या. दोन वाजता एक भिंत पडताना ऐकू येते. कडाड वगैरे नाही. धप्प. पोतं टाकल्यासारखी. मग बायकांचा आवाज, बॅटऱ्यांची धावपळ. शेजारची भिंत गेली, पण बाहेरच्या बाजूला पडली म्हणून माणसं वाचली. तुम्ही एका झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकता. घोट्याच्या वरून वाहणाऱ्या पाण्यातून, एका हातानं भिंती चाचपत, शाळेत. पहिलीचा वर्ग करोनामुळं दीड वर्ष बंद. कुलूप तोडावं लागतं. बॅटरीच्या उजेडात फळ्यावर मार्च 2020 मधली एक तारीख तशीच आहे. पोरगं त्या फळ्याखाली झोपतं. ज्या वर्गात त्याचं नाव आहे, तो वर्ग ते पहिल्यांदाच बघतंय.

सकाळी आवाज वेगळा. पत्रा थांबलाय, पण लांबून एक सलग घरघर येतेय. गाव गोदावरीला गंगा म्हणतं. "गंगा ओढ्यात शिरलीय!" कोणीतरी ओरडतं. जाऊन बघा, एरवी नदीकडं धावणारा ओढा आज गावाकडं वाहतोय. नदी इतकी चढली की तिनं ओढ्याचं पाणी घ्यायचं नाकारलं, आणि स्वतःचंही आत ढकललं. दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी. त्यावर कडब्याच्या पेंढ्या, निळे पाईप, एक अख्खा भोपळा गिरक्या घेत चाललाय. बाभळीच्या फांदीवर साप गुंडाळून बसलाय आणि त्याच्याकडं कोणी बघतही नाही. सगळे फोन कानाला लावून वरच्या धरणांचं एकच विचारतायत, "माजलगावचे दरवाजे किती उघडलेत? जायकवाडीचं काय?"

या सगळ्यात मायला आज सासऱ्याचं पित्तर घालायचंय. रात्रीच्या पावसातही तिनं खीर केली. पत्र्याच्या कडेला घास ठेवून ती उभी आहे. कावळा एक नाही. कुठल्या झाडात दडलेत कोण जाणे. पोरं काव-काव करून बोलावतात, कोणी हसत नाही. बऱ्याच वेळानं ती घास उचलते, गाईच्या तोंडापुढं धरते आणि डोक्यावरचा पदर सारखा करत आत जाते.

दोन दिवसांनी शेतात पाय ठेवता येतो. ओढ्याकाठची जमीन खरडून गेलीय, पिवळा मुरूम उघडा पडलाय. कापसाची फुटलेली बोंडं लोंबतायत, वाती वळल्यासारखी. गंजी मात्र जागेवर आहे! दोरी टिकली. तुम्ही तात्यांकडं आनंदानं बघता. ते काही बोलत नाहीत, ताडपत्री उचलतात आणि म्हणतात, "हात घाला आत."

घाला. कोपरापर्यंत.

आत ताप आलाय. भाकरीच्या टोपल्यात हात जावा तशी ऊब, आणि आंबूस, कुबट वास. वरून नाही, खालून पाणी शिरलं. तुम्ही एक शेंग बाहेर काढता. ती फुगलीय. नखानं शिवण उकलता तर दाण्यातून पांढरा कोंब निघालाय, तांदळाच्या दाण्याएवढा, नाजूक, निरोगी. पेरणीच्या वेळी हाच कोंब बघायला तात्या गुडघ्यावर बसले होते.

मग फोटो काढायचे. विमा कंपनीला 72 तासांत कळवायचं, तर रेंज नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, पण पाऊस मोजायचं भांडं मंडळाच्या गावी, शेत इथं. तात्या तलाठ्याची वाट बघत बांधावर बसतात. मी या बांधावर फार वेळ थांबवत नाही तुम्हाला, तिथं वेळ जाता जात नाही.

3 ऑक्टोबरला या. उघडीप आहे. डांबरी रस्त्याच्या एका अंगाला तात्यांनी सोयाबीन पसरलंय, मोटारसायकली कडेनं जपून जातायत. काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा, पण काही तरी हाती लागेल. तुमच्या फोनला रेंज आलीय. तुम्ही वाचून सांगता: ते वादळ इथून पुढं गुजरातकडं गेलं, अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा कोमट पाणी मिळालं, पुन्हा बारसं झालं. आता त्याचं नाव शाहीन. आज ते ओमानच्या किनाऱ्यावर चढतंय.

तात्या अनवाणी पायानं सोयाबीनमध्ये रेघा ओढत, दाणा खालवर करत ऐकतात.

"तिकडं काय पिकतं?"

"खजूर."

पाय थांबतात. "काढणी झाली होती का त्यांची?"