आजोबांचा फोन आणि दरवर्षी बदलणारी भाषा

परवा पन्हाळ्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी मोबाईल पुढं केला, "सायेब, एवढा फारम भरून द्या की." बघतो तर पान पांढरंफटक. तेच पान माझ्या फोनवर झटक्यात उघडलं. रेंज दोघांनाही होती. मग भानगड काय?

पुण्यात प्रोग्रॅमर असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, त्यांचा ब्राउझर सहा-सात वर्षं जुना आहे. त्याला नवी जावास्क्रिप्ट वाचता येत नसणार." मग दोन रात्री वाचत बसलो.

वेबपानं चालती-बोलती करणारी ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत १० दिवसांत उभी केली. १९९७ मध्ये तिचे नियम ठरले. १९९९ नंतर गाडी रुतली. चौथी आवृत्ती वादात अडकली आणि २००८ मध्ये सोडून द्यावी लागली. पाचवी २००९ मध्ये आली, मोठे बदल घेऊन सहावी २०१५ मध्ये. तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती येते. अडचण अशी, की जुन्या ब्राउझरला एक जरी अनोळखी चिन्ह दिसलं तरी तो अख्खी फाइलच नाकारतो.

यावरचा उपाय म्हणजे ट्रान्सपायलर. २०१४ मध्ये 'सिक्स टु फाइव्ह' नावाचं अवजार आलं, पुढच्याच वर्षी त्याचं नाव 'बॅबल' झालं. प्रोग्रॅमरनं नव्या भाषेत लिहायचं, अवजार तेच जुन्या भाषेत उतरवून देतं.

आपल्याला हे दुखणं नवं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे हुडकावे लागले. कागद होता, अक्षर होतं, वाचणारे मोजकेच. आजोबांच्या बाबतीत उलटं झालंय. लिहिणारा पुढं गेला, वाचणारं यंत्र मागं राहिलं.

बॅबल फुकट मिळतं. फाइल थोडी जड होते, एवढाच तोटा. किती जुन्या ब्राउझरपर्यंत पोचायचं, हे पान बनवणारा एखाद्या ओळीत ठरवतो. लोकांच्या कामाची पानं बनवून घेणाऱ्यांनी ती ओळ एकदा विचारावी. आणि तुम्हालाही असं कोरं पान दिसलं, तर तक्रारीत फोनचं मॉडेल आणि ब्राउझरची आवृत्ती जरूर लिहा. नुसतं "साइट चालत नाही" म्हटलं की कुणी दाद देत नाही.

आजोबांचा अर्ज मी माझ्या फोनवरून भरून दिला. पण दर खेपेला शेजारी कुणी बसलेलं असेलच असं नाही.