कुरणशाळा : शाळाच जेव्हा गुरांमागे निघाली

१/
मुलांनी चार भिंतींबाहेर, निसर्गाच्या सान्निध्यात शिकावे, हा विचार आज नव्याने मांडला जातो आणि बहुधा ऐपतदारांच्या शाळांतच तो अमलात येतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास डहाणू तालुक्यातील वारली मुलांसाठी उघड्या माळावर शाळा भरत असे. तिच्यामागे हौस नव्हती, एक अडचण होती. ती अडचण कोणती आणि तिच्यातून वाट कशी निघाली, याचा हा धागा.

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे पाइन वृक्षांच्या रानात एक शाळा सुरू झाली. अशक्त आणि क्षयाचा धोका असलेल्या शहरी मुलांना मोकळी हवा, सकस अन्न आणि बेताचा अभ्यास मिळावा, हा तिचा हेतू. १९०७ मध्ये लंडननेही तिचे अनुकरण केले. युरोपातील या शाळांत मोकळी हवा हे औषध होते. शहराने मुलांपासून जे हिरावले, ते त्यांना परत देण्याचा तो प्रयत्न होता.

३/
आपल्याकडील कथा वेगळ्या वाटेने जाते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा तो उद्योग. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत भारतात मात्र मुख्यतः शहरी, सुस्थित घरांपर्यंतच पोहोचली होती. ताराबाईंना ही विसंगती बोचत होती.

४/
१९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). बालवयात विवाह आणि बालवयातच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. पुढील आयुष्य त्यांनी याच परिसराला दिले.

५/
१९४५ हे साल या भागासाठी साधे नव्हते. उंबरगाव-डहाणू पट्ट्यातील वारली त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध उठले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांचे नेतृत्व करीत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ ही येथील रूढ अवस्था होती. ज्या घरात मोठ्यांचाच दिवस स्वतःच्या मालकीचा नव्हता, तेथे मुलांचा कसा असणार?

६/
बोर्डीत बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील आणि गरीब घरांतील मुले तेथे आपणहून येईनात. मुलांना आणून सोडायला घरात मोकळे माणूस नव्हते. आणि जातीचा उंबरठा तर होताच. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. अंगण झाडायचे, मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच अंगणातली बालवाडी. वस्तीतल्या आयाबाया दारात उभ्या राहून सारे पाहत, त्यामुळे शिक्षण नकळत त्यांचेही होई.

७/
थोड्या मोठ्या मुलांचा प्रश्न अधिक बिकट होता. सकाळ झाली की ती गुरे घेऊन रानात जात, ती दिवेलागणीलाच परतत. गुरे राखणे हे घराच्या पोटापाण्याचे काम होते. शाळेची घंटा त्या वेळेशी जुळणे शक्यच नव्हते. मुलाने गुरे सोडावीत, असे सांगणे म्हणजे त्याच्या घासावर घाला घालणे. म्हणून शिक्षकच गुरांमागे निघाले. जेथे गुरे चरत तेथेच मुले शिकू लागली. हीच कुरणशाळा.

८/
येथे फळा नव्हता, तरी साधनांना तोटा नव्हता. खडे, बिया, शिंपले, पाने, काटक्या यांवर मोजणी, लहानमोठेपणा, रंग, आकार हे सारे शिकवता येई. महागड्या साधनांऐवजी भोवतालच्या वस्तू वापरायच्या, हा ताराबाईंचा आग्रह होताच. शिवाय वारल्यांचे पोर रानात अडाणी नसते. कोणते पान गुरे खातात, कोणते टाळतात, पाऊस कुठून चढतो, हे त्याला ठाऊक असते. वर्गात मुके राहणारे मूल कुरणात बोलते, कारण तेथे जाणकार तेच असते.

९/
१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण पुन्हा व्यवहारातलेच : धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यायची, तर ते भावंडही सोबत आले पाहिजे. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

१०/
मात्र या प्रयोगाला गोंडस रूप देऊ नये. ते कुरण सहलीचे ठिकाण नव्हते, ती बालश्रमाची जागा होती. उन्हातान्हात, पावसात, अनवाणी. कुरणशाळेने त्या श्रमाचे समर्थन केले नाही आणि एका दिवसात ते संपवण्याची तिची शक्तीही नव्हती. जमीन आणि मजुरी यांचा लढा दुसरीकडे चालू होता. मुलाचे बालपण मात्र त्या लढ्याच्या निकालाची वाट पाहत थांबणार नव्हते.

११/
पुढे काय झाले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. बोर्डी-कोसबादचे प्रयोग तिचे पूर्वसुरी मानले जातात. १९९० च्या दशकात याच ठाणे जिल्ह्यात वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा आल्या. नावे निराळी, तत्त्व तेच : मूल जेथे आहे, तेथे शाळा.

१२/
युरोपच्या रानशाळेने मुलाला निसर्गाकडे नेले, कुरणशाळेने शाळेला मुलाकडे. निसर्गशिक्षणाची चर्चा करताना आपण झाडे, माती, मोकळी हवा यांचे लाभ मोजतो. ते खरेच आहेत. परंतु आजही ऊसतोडीच्या हंगामात हजारो मुले आईबापांसोबत उघड्या आभाळाखालीच राहतात. निसर्ग त्यांच्याजवळ भरपूर आहे, पण तेथवर चालत जाणारा शिक्षक दरवेळी नसतो. निसर्गशिक्षणाचा हिशोब मांडायचा तो या मुलांना धरूनच.