वेळू, कर्ण आणि पाटणचा मठ

काटकोन त्रिकोणाची अज्ञात बाजू काढण्याची रीत भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये 'लीलावती'त भुज, कोटी व कर्ण या संज्ञांनी समजावून दिली. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उभा भाग कोटी, कललेला कर्ण. भुजाच्या वर्गास, म्हणजे २५६ ला, ३२ ने भागता कर्ण व कोटी यांतील अंतर ८ येते. म्हणून कोटी १२ व कर्ण २० हात.

ही विद्या केवळ ग्रंथाच्या बळावर टिकली नाही. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. शके ११२८ च्या तेथील शिलालेखाच्या मराठी भागात, पेठेतील विक्रीवर राजास मिळणारा हिस्सा मठास दिल्याची नोंद आहे. विद्येचा भार असा गावाच्या बाजाराने उचलला.

महाराष्ट्रापासून दूर, रायपुरात मराठी शाळेने साठ वर्षे पुरी केली, तीही समाजाच्या अशाच आधारावर. छत्तीसगढच्या मुलांस वेळू नवा नाही. त्याची कोटी मराठीतून काढता यावी, एवढ्यासाठी हा आधार पुढेही हवा.